बटई आम्हाला शिकवू नका



बटईची शेती म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जमीन मालकाची, बैल आणि अंग बटईदाराचे. बी-खताचा खर्च ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायचा, रास पडली की निम्मी त्याची, निम्मी ह्याची. पाऊस गेला तर दोघांचेही गेले. "पाऊस पडो न पडो, माझी वीस पोती ठरलेली" असे म्हणणारा मालक बटईने जमीन देतच नाही, तो ठोक्याने देतो. बटई वेगळी, ठोका वेगळा. एवढे तर आपल्या सालगड्याच्या पोरालाही कळते.

मुंबई-दिल्लीच्या सचिवालयांत मात्र हा फरक कोणाला कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नाही. गेली तीसएक वर्षे सरकार एकच मंत्र जपत आहे : सार्वजनिक-खाजगी भागीदारी. रस्ता भागीदारीने, वीज भागीदारीने, पाणी भागीदारीने, आणि आता इंटरनेटची तारही भागीदारीने. शहरांत ब्रॉडबँड पोचवायचे तर महापालिकेने रस्ते, खांब आणि जागा द्यावी, कंपनीने तार टाकावी, दोघांनी मिळून जनतेचे भले करावे, असे शहाणे लोक सांगतात. ऐकायला गोड आहे. पण करार उघडून पाहिला की नाव बटईचे आणि आतला मजकूर ठोक्याचा. तोही उलटा ठोका! जमीन देणारानेच कसणाराला वर पैसे मोजायचे.

कोणी म्हणेल, शेतकऱ्यांच्या पत्रकात शहराच्या तारेची उठाठेव कशाला? नांदेडच्या वजिराबादेत इंटरनेट पळाले काय आणि लातूरच्या गंजगोलाईत रांगले काय, आपल्या सोयाबीनला त्याचे काय? सांगतो.

तुमचा सातबारा आता संगणकावर आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आहे. पीएम किसानच्या २,००० रुपयांच्या हप्त्यासाठी ई-केवायसी आहे. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा, तर यंत्राला रेंज हवी. हमीभावाने सोयाबीन घालायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी. २०२५-२६ च्या हंगामाला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण त्या आकड्यापर्यंतची वाट नोंदणीच्या खिडकीतूनच गेली. आणि विम्याचे तर विचारूच नका. गारपीट झाली, ओढा शेतात घुसला, तर ७२ तासांच्या आत कळवा, असा पीक विम्याचा नियम होता. एक रुपयात विमा मिळत होता त्या २०२३ आणि २०२४ च्या खरिपातही हाच नियम होता. ज्या रात्री लेंडी नाहीतर मन्याड अंगावर येते, त्या रात्री सगळ्यात आधी वीज जाते आणि तिच्यामागून टॉवर जातो. मग ७२ तास मोजायचे कोणाच्या घड्याळात?

सरकारने आपला सगळा कारभार तारेवर नेऊन टांगला आणि तार मात्र गावात आणली नाही. आज शेतकरी तारेपर्यंत चालत जातो. मुखेडला, देगलूरला, निलंग्याला, अहमदपूरला जातो, ओळीत उभा राहतो, सेवा केंद्रवाल्याला पैसे देतो, आणि "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे ऐकून परत फिरतो. एका दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले. हा खर्च कृषिमूल्य आयोगाच्या कोणत्या रकान्यात धरतात?

पोरांचेही तेच. लातूर पॅटर्नची कीर्ती देशभर आहे. २०२० साली टाळेबंदी लागली आणि शाळा फोनवर भरू लागल्या. माझा पुतण्या तेव्हा बारावीला होता. गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय त्याला मास्तरांचा आवाज येत नसे. खाली आई उभी, पोरगा पडेल म्हणून हात जोडून. त्याच महिन्यांत शहरातल्या पोरांना घरबसल्या तास मिळत होते. परीक्षा मात्र दोघांना एकच.

म्हणून ही उठाठेव आपली आहे. आता भागीदारीचा हिशेब पाहू.

या राज्यात भागीदारीचा पहिला मोठा धडा एन्रॉनने दिला. १९९३ साली वीज मंडळाने दाभोळच्या कंपनीशी करार केला. मंडळ वीज घेवो अथवा न घेवो, ठरलेला स्थिर आकार कंपनीला द्यायचाच. वर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी! २००१ साली प्रकल्प बंद पडला. पुढे तो चालवायला सरकारी कंपन्याच पुढे कराव्या लागल्या. ठोक्याचे पैसे कोणी मोजले? विजेचे बिल भरणाऱ्यांनी आणि कर भरणाऱ्यांनी.

दुसरा धडा कोल्हापूरचा. शहरातले रस्ते भागीदारीने बांधले आणि शहरात शिरायला टोल लावला. लोक वर्षानुवर्षे रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे २०१६ च्या सुरुवातीला टोल गेला. पण कंपनीची भरपाई सरकारी बाजूने झाली, हे विसरू नका. टोल देऊन नाही तर कर देऊन, पण पैसे आपणच मोजले.

तिसरा धडा तर आपल्या घरचा आहे. लातूरला तेव्हा महापालिका नव्हती, नगरपालिका होती. २००८ साली शहराचा पाणीपुरवठा १० वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीच्या हाती दिला. धरण लोकांच्या पैशाचे, जलवाहिन्या लोकांच्या पैशाच्या, आणि वसुली कंपनीची. मीटर आणि दर यांवरून शहर पेटले. शिक्षक, वकील, हमाल, बायाबापड्या सगळे रस्त्यावर आले. करार तडीस गेला नाही. लातूरकरांनी हे करून दाखवले याचा आपल्याला अभिमान असायला हवा. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा मिरजेहून पाणी घेऊन आली ती रेल्वे. १२ एप्रिलला पहिली गाडी १० वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला लागली. त्यासाठी कोणाचा व्यवहार्यता अहवाल मागवला गेला नाही.

बरे, हे वीज-रस्ते-पाण्याचे झाले, इंटरनेटचे वेगळे असेल, असे म्हणावे तर तेथेही उदाहरण आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्टेशनवर फुकट वाय-फाय सुरू झाले. तार रेल्वेच्या रेलटेल या सरकारी कंपनीची, आणि सोबत गूगल. जून २०१८ पर्यंत ४०० स्टेशने झाली. वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने भरली. २०२० उजाडले आणि गूगलने जाहीर केले, की आता देशात मोबाईलचा डेटा स्वस्त झाला आहे, या कामाची पूर्वीइतकी गरज उरली नाही. पाहुणा उठून गेला. मागे तार उरली ती रेलटेलची, आणि सेवा चालू ठेवली तीही रेलटेलने. यात गूगलने कोणाला फसवले असे मी म्हणत नाही. व्यापारी परवडते तोवर दुकान चालवतो, नाही परवडले की शटर ओढतो, हा त्याचा धर्मच आहे. पण मग त्याला भागीदार म्हणू नका. बटईदार अर्ध्या हंगामात औत सोडून जात नाही.

आता खेड्याच्या तारेची कहाणी ऐका. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्राच्या मंत्रिमंडळाने ठरवले, की देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर न्यायचे. खर्चाचा अंदाज २०,००० कोटी, मुदत दोन वर्षे. सरकार बदलले, २०१५ मध्ये योजनेचे नाव बदलून भारतनेट झाले. नाव बदलायला आपल्याकडे कधी उशीर होत नाही. एक लाख पंचायतींचा पहिला टप्पा पुरा व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी सांगितले, १,००० दिवसांत देशातल्या सहा लाखांहून अधिक गावांत फायबर. ते १,००० दिवस १२ मे २०२३ ला संपले. तुमच्या गावात त्या दिवशी काय होते ते तुम्हीच आठवा.

आणि मधल्या काळातली खरी गंमत पुढेच आहे. ३० जून २०२१ रोजी मंत्रिमंडळाने १६ राज्यांतले हे काम भागीदारीने करायला मंजुरी दिली. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता, पण आपल्या उदगीर-निलंग्याच्या शिवेला लागून असलेला कर्नाटक होता. कंपन्यांना तोटा नको म्हणून तूट भरून काढायला १९,०४१ कोटी रुपये सरकार देणार होते. निविदा निघाल्या. किती कंपन्या आल्या? एकही नाही. एकोणीस हजार कोटींचा हुंडा देऊनही खेड्याच्या पोरीला स्थळ मिळाले नाही!

मला त्या कंपन्यांचा राग येत नाही. उलट त्यांचे आभार मानावेसे वाटतात, कारण त्यांनी खरे काय ते दाखवून दिले. जेथे दाट वस्ती, उंच इमारती आणि खिशात पैसा, तेथे भागीदारी. जेथे चार किलोमीटरवर एक वाडी आणि वाडीत चाळीस उंबरे, तेथे सरकार. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेट म्हणून १,३९,५७९ कोटींची योजना मंजूर केली. यात सरकार पैसे देणार, कंत्राटदार तार टाकणार आणि दहा वर्षे राखणार. म्हणजे १२ वर्षे फिरून आपण जेथून निघालो त्याच वडाखाली आलो, फक्त रक्कम सातपटीने वाढली.

जे झाले तेही कसे झाले? मुखेड तालुक्यातल्या एका पंचायतीत मी गेलो होतो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण उद्या ग्रामसेवकाला नोटीस जाईल आणि पेटी तशीच राहील. भिंतीवर पांढरी पेटी, तिच्यावर कोळिष्टके. बॅटरी मेलेली. "साहेब, बसवून गेले, फोटो काढला, परत कोणी आले नाही," शिपाई म्हणाला. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली होती आणि ती कोणी जोडायची यावर तीन खात्यांची पत्रापत्री चालू होती. सरकारी कागदावर अशा पंचायतीला म्हणतात 'सेवेसाठी सज्ज'. सज्ज! बैल दावणीला बांधून ठेवायचा, जू मानेवर द्यायचे नाही, आणि नांगरट झाली असे चावडीवर लिहायचे. पूर्वी तार एका सरळ रेषेत टाकलेली, म्हणून मध्ये एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे आंधळी. वळसा घालून दोन्ही बाजूंनी तार आणावी, हे शहाणपण नव्या योजनेत आले. कोणत्याही पाटकऱ्याला विचारले असते तर त्याने २०११ मध्येच सांगितले असते.

आणि हा पैसा कोणाचा? येथे नीट लक्ष द्या. १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत सगळ्या खेड्यांत टेलिफोन नेण्याचे वचन होते. खाजगी कंपन्यांना परवाने दिले तेव्हा गावात सार्वजनिक फोन बसवायची अटही घातली. कंपन्यांनी शहरे धरली आणि अट गुंडाळून ठेवली. मग २००२ पासून नवी युक्ती निघाली : प्रत्येक कंपनीच्या उत्पन्नावर ५ टक्के आकार, तो ग्रामीण सेवेसाठी वेगळ्या निधीत. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यात त्याच निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले. पुन्हा बारसे! कंपनी हे ५ टक्के आपल्या घरून देत नाही, तुमच्या-माझ्या रिचार्जमधून देते. तुम्ही १०० रुपयांची सेवा घेता, त्यातले सुमारे पाच रुपये 'खेड्यात तार नेण्यासाठी' म्हणून कापले जातात. ते आधी केंद्राच्या तिजोरीत जातात, तेथून मंजुरी मिळेल तसे निधीत येतात. वर्षानुवर्षे जमा जास्त आणि खर्च कमी, असा हा हिशेब राहिला आहे. तेव्हा खेड्याची तार हा कोणाचा उपकार नाही. तिचे पैसे वीस वर्षांहून अधिक काळ आपण आगाऊ भरत आलो आहोत.

आता थकबाकीकडे वळतो. व्होडाफोन आयडिया या कंपनीकडे सरकारचे प्रचंड देणे थकले. सरकारने काय केले? २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या देण्याच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेतले. २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींच्या बदल्यात शेअर घेतले. आज जवळजवळ ४९ टक्के कंपनी सरकारच्या नावावर आहे. कारण सांगितले जाते, की कंपनी बुडाली तर बाजारात दोनच मोठे उरतील आणि ग्राहक नागवला जाईल. असेलही खरे. पण मग नांदेडच्या आणि लातूरच्या शेतकऱ्याने पीककर्ज थकवले तर त्याच्या सातबाऱ्यावर बोजा का चढतो? त्याला नवे कर्ज का मिळत नाही? "बाबा, तुझ्या थकबाकीच्या बदल्यात तुझ्या शेतात भागीदार होतो, नफ्यात राहीन, तोट्यातही राहीन" असे एखाद्या बँकेने कधी म्हटले आहे काय? भागीदारी करायचीच तर तेथे करून दाखवा ना!

कोणी म्हणेल, हे लोक खाजगी धंद्याच्या विरोधात दिसतात. मुळीच नाही. सरकारी एक्स्चेंजमध्ये फोनसाठी दहा-दहा वर्षे नंबर लावून बसलेली आमची पिढी आहे. लाईनमनला चहापाणी दिल्याशिवाय डायलटोन येत नसे, ते दिवस आम्ही विसरलो नाही. सरकारी मक्तेदारीचे आम्हाला प्रेम असण्याचे कारण नाही.

पण आम्ही दुसरीही एक भागीदारी पाहिली आहे. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आठवा. तार सरकारची, आणि टपरी एखाद्या अपंग माणसाची, एखाद्या निवृत्त जवानाची. बोलणे झाले तेवढे कमिशन, नाही झाले तर नाही. त्याने मंत्रालयात हमी मागितली नाही. किनवटपासून औशापर्यंत ती पाटी पोचली. नव्वदच्या दशकात केबलवाला आला. छतावर डिश लावली, झाडावरून, खांबावरून तार ओढली आणि गल्लीगल्लीत टीव्ही नेला. त्यालाही कोणी तूट भरून दिली नाही, उलट सगळ्यांनी मिळून त्याच्याकडून वसूलच केले. आज कितीतरी गावांत आणि शहरांत इंटरनेट देणारा तोच केबलवाला नाहीतर त्याचा पोरगा आहे. रात्री तार तुटली तर तो शिडी घेऊन येतो, कारण सकाळी त्याला त्याच गल्लीत तोंड दाखवायचे असते. ही खरी बटई. धोका त्याचा, कष्ट त्याचे, नफाही त्याचा.

अशा माणसाला सरकारने काय दिले? डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी नावाची योजना आली. किराणा दुकानदार, चहावाला कोणीही परवान्याशिवाय वाय-फाय विकू शकेल, असे जाहीर झाले. कल्पना चांगली होती. पण दुकानदाराला मागून जी जोडणी घ्यायची तिचे भाव असे, की चहा विकून वाय-फायचे बिल भरावे लागेल. २०२५ साली दूरसंचार नियामकाने त्या भावावर मर्यादा घातली. पाच वर्षे गेली. मोठ्या भागीदाराची तूट निविदेआधी मोजली जाते, छोट्याची पाच वर्षांनी.

तेव्हा नांदेड-लातूरच्या पुढाऱ्यांनी, आयुक्तांनी, आणि भागीदारीचे पोवाडे गाणाऱ्या सल्लागारांनी ऐकून ठेवावे. स्मार्ट सिटीच्या यादीत ना नांदेड होते ना लातूर, म्हणून शहरांतल्या लोकांना काही मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. शहरात तार टाका, जरूर टाका. पण महापालिकेचे रस्ते आणि खांब हे जनतेचे भांडवल आहे, ते एकाच कंपनीला वर्षानुवर्षे आंदण द्यायचे नाही. जो कोणी ठरलेले भाडे देईल त्याला त्याच दराने तार टाकता आली पाहिजे, मग तो मुंबईचा शेठ असो की देगलूर नाक्यावरचा केबलवाला. करार मराठीत छापून सभागृहात ठेवा, सह्या होण्याआधी. शहराचा मलईचा भाग ज्याला हवा त्याने भोवतालची वीस-पंचवीस गावेही घ्यावीत, नुसती साय काढून ताक आमच्याकडे ढकलू नये. नांदेड धरले तर मुदखेड आणि लोहाही धरा, लातूर धरले तर रेणापूर आणि चाकूरही. आणि पैसे तार टाकल्याचे देऊ नका, तार चालल्याच्या दिवसांचे द्या. पेटीचा फोटो काढून बिल निघत असेल तर पेट्याच लागतील, इंटरनेट लागणार नाही.

जमिनीचेही एक सांगून ठेवतो. १८८५ च्या तार कायद्यातही असे होते, की सरकारला तुमच्या जमिनीतून तार नेण्याचा फक्त वापराचा हक्क, जमीन तुमचीच, आणि नुकसान झाले तर भरपाई द्यायची. इंग्रजाने एवढे लिहून ठेवले होते. आता २०२४ चे नवे नियम आले आहेत. बांधावरून चर खणायला कोणी आला तर त्याच्या हातातला कागद पाहा, कागदाची नक्कल घ्या, उभ्या पिकाचा पंचनामा करून घ्या. काम अडवू नका, पण फुकटही जाऊ देऊ नका.

आता तुमच्याकडे एक काम. पुढच्या जिल्हा बैठकीला येण्याआधी प्रत्येकाने आपल्या पंचायतीत जाऊन ती पेटी पाहावी. पेटी आहे की नाही, दिवा लागतो की नाही, शेवटचा दिवा कधी लागला होता, तार कोठे तुटली आणि दुरुस्तीचा अर्ज कोणाकडे पडून आहे, हे एका कागदावर लिहून गावाच्या नावासह आणावे. सरपंचाची सही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर चार शेतकऱ्यांच्या सह्या पुरे. तालुकावार कागद लावून ते दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत, सरकारच्या 'सेवेसाठी सज्ज' असलेल्या यादीच्या शेजारी.